पहिल्या मजल्यावरची खोली, दुपारी बाराला लाईट आणि घरातला टीबी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो थोडक्यात पुन्हा लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. हे दादा गोवंडीत पुनर्वसनाच्या एका बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर भाड्याने राहतात, सव्वादोनशे स्क्वेअर फूट, माणसं पाच, भाडं ९,०००. स्वतः डिलिव्हरीची गाडी चालवतात, बायको घरीच शिलाई करते. तिला दोन वर्षांपूर्वी टीबी झाला होता, पूर्ण कोर्स करून बरी झाली. आता चौदा वर्षांच्या मुलीला निघालाय. शेजारी म्हणतात बिल्डिंगच लागट आहे. मेव्हणा म्हणतो नालासोपाऱ्याला या, तेवढ्याच पैशात मोठं घर मिळेल. बायको म्हणते त्यापेक्षा आपली जुनी पत्र्याची खोली बरी होती, निदान दारात बसता यायचं. आणि त्याच कॉलनीत सातव्या मजल्यावर एक खोली रिकामी आहे, पण भाडं दीड हजार जास्त आणि लिफ्टचा भरवसा नाही. तर घरामुळे टीबी होतो का, आणि जायचं तर कुठे?

मी कम्युनिटी मेडिसिनची डॉक्टर, बावीस वर्षं पूर्व उपनगरात टीबीचंच काम करतेय, आणि खरं सांगू का, औषधांबद्दल विचारणारे रोज भेटतात, घराबद्दल विचारणारा वर्षातून एखादा. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मुलीचं. तिची थुंकी मशीनवर तपासून औषधाला दाद न देणारा प्रकार नाही ना हे बघितलंय का, ते रिपोर्टवर लिहिलेलं असतं, नसेल तर विचारा. साधा टीबी असेल तर सहा महिने रोज गोळ्या, आणि औषध नीट सुरू झालं की साधारण दोन आठवड्यांत तिच्यापासून दुसऱ्याला लागण व्हायचं प्रमाण खूप खाली येतं. त्यामुळे तिचं ताट-वाटी वेगळी काढू नका, टीबी ताटातून पसरत नाही, हवेतून पसरतो, वेगळ्या ताटाने पोरगी फक्त मनातून खचते. घरातल्या बाकी चौघांची तपासणी करून घ्या, एक्स-रेसकट, आणि कुणाला टीबी नसेल तर प्रतिबंधक औषध मिळतं, आठवड्यातून एकदा असं बारा आठवडे किंवा रोज असं सहा महिने, जे तुमच्या सेंटरला उपलब्ध असेल ते. बायकोला आधी होऊन गेलाय म्हणून तिला सोडू नका, तिची तर आधी करा. निक्षयमध्ये, म्हणजे टीबी पेशंटच्या सरकारी ऑनलाईन नोंदणीत, नाव लागलं की पोषणाचे महिन्याला १,००० रुपये बँकेत येतात (आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढले), ते खातं लिंक नसल्यामुळे अडकतात आणि लोक समजतात योजनाच बंद झाली, तर ते आत्ताच बघून घ्या.

आणखी एक, हे वाचून स्वतःला दोष देऊ नका. जंतू शरीरात शिरल्यावर आजार लगेच उठत नाही, कित्येकदा उठतच नाही, आणि उठलाच तर पहिल्या दोन वर्षांत उठायची शक्यता जास्त. म्हणजे मुलीच्या अंगात तो आईच्या आजारपणातच शिरला असेल अशी दाट शक्यता आहे. तेव्हा तिला प्रतिबंधक औषध मिळायला हवं होतं, नसेल मिळालं तर ती चूक तुमची नाही.

आता घर. घरामुळे टीबी होतो का? घर जंतू तयार करत नाही. पण एका माणसाच्या खोकल्यातून निघालेली हवा दुसऱ्याच्या छातीत किती वेळ जात राहणार हे मात्र घरच ठरवतं, आणि टीबीत सगळा खेळ तिथेच आहे. साधा हिशोब आहे. खोलीतली सगळी हवा तासाला एकदा बदलत असेल तर हवेत तरंगणारे कण ९९ टक्के बाहेर जायला साडेचार तासांच्या वर लागतात. तीच हवा तासाला सहा वेळा बदलली तर पाऊण तास, बारा वेळा बदलली तर वीस-पंचवीस मिनिटं. खिडकी बंद, दार बंद, वर पंखा गरगरतोय अशा खोलीत हवा तासाला एकदा तरी बदलते का याचीच शंका. छताचा पंखा हवा बदलत नाही, आहे तीच घुसळतो. एसीचंही तेच. आणि अशा खोलीत तुमची बायको दिवसभर मशीनवर बसलेली, मुलगी शाळेतून आली की तिच्या शेजारी अभ्यासाला. तुम्ही बारा तास बाहेर असता, रस्त्यावरचा धूर खाता, पण ती हवा मोकळी तरी असते. आमच्याकडे अशा बिल्डिंगांमधून ज्या बायका येतात त्यातल्या कितीतरी घरबसल्या काम करणाऱ्या असतात, जरी, शिलाई, इमिटेशनचे दागिने जोडणं, लसूण सोलणं. नवरा म्हणतो ही तर घराबाहेरच पडत नाही, हिला कुठून लागला. घराबाहेर पडत नाही म्हणूनच बहुतेक.

ऊन लागलं की टीबीचे जंतू मरतात असं आपण सगळेच ऐकत आलोय. थेट उन्हात मरतात, खरं आहे, पण काचेतून आलेल्या उन्हात तो दम राहात नाही. तरी मी कुठल्याही घरात शिरले की आधी उजेड बघते, कारण ज्या खोलीतून आकाशाचा तुकडा दिसतो तिथे बहुतेक वेळा वाराही येतो. ऊन म्हणजे माझं फुकटचं मोजमाप समजा.

हे मला पुस्तकाने नाही शिकवलं. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका पुनर्वसन बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक बाई होत्या, दुसऱ्यांदा टीबी झालेल्या. मी आपलं पढवल्यासारखं सांगितलं, खिडकी उघडी ठेवत जा, उन्हात बसत जा. त्या काही बोलल्या नाहीत, माझा हात धरून मोरीशेजारच्या खिडकीपाशी नेलं आणि प्लायचा तुकडा बाजूला केला. बाहेर डक्ट, म्हणजे पाईप उतरवायला सोडलेली अरुंद पोकळी. वरच्या सगळ्या मजल्यांनी टाकलेल्या पिशव्या, पॅड, केसांचे गुंते, कबुतराची पिसं आणि ड्रेनेजच्या फुटक्या पाईपमधून ठिबकणारं पाणी, ते सगळं खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत चढलेलं. वर बघितलं तर वहीच्या पानाएवढं आकाश. त्यांनी प्लाय परत लावला आणि म्हणाल्या, "आता सांगा मॅडम, उघडी ठेवू का?" त्या दिवसानंतर मी कुणाला खिडकी उघडी ठेवा असं खिडकी न बघता सांगितलेलं नाही.

तुमच्या भागात याचा नीट अभ्यासही झालाय. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने २०१८ च्या सुमारास एम-ईस्ट वॉर्डातल्या तीन पुनर्वसन वसाहती शेजारीशेजारी ठेवून बघितल्या, लल्लूभाई कंपाऊंड, नटवर पारेख कंपाऊंड आणि पीएमजी कॉलनी. तिन्हीकडे लोक साधारण सारखेच, झोपडपट्टीतून किंवा प्रकल्पामुळे उठवून आणलेले, कमाई सारखी, खोल्याही लहानच. पण पहिल्या दोन ठिकाणी बिल्डिंगा एकमेकींना खेटून, मध्ये जेमतेम तीन मीटर, आणि पीएमजीमध्ये मोकळी जागा जास्त. टीबीचं प्रमाण पहिल्या दोघांत पीएमजीच्या कितीतरी पट निघालं. म्हणजे तुमचे शेजारी बिल्डिंगला लागट म्हणतात ते अगदीच चुकीचं नाही, फक्त त्यात भूत नाही, भूमिती आहे.

भूमितीवरून आठवलं, आणि हे मला सगळ्यात जास्त चीड आणणारं आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगची पहिली केस ओळखली, मग शहरात जो हलकल्लोळ झाला त्यात सरकारी माणसं चाळींच्या छपरांची कौलं काढून आत ऊन पाडत होती आणि भिंतींवर यूएचएच अशी अक्षरं रंगवत होती, म्हणजे माणसाला राहायला नालायक. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा धड कळलेलं नव्हतं, त्यामुळे कौलं काढण्याचा प्लेगवर काय उपयोग झाला असेल तो असो. पण त्यातून १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि पुढे त्या ट्रस्टचे चेअरमन जे. पी. ऑर यांनी १९१२ च्या आसपास उजेड आणि हवेचा एक नियम लावून धरला, साडेत्रेसष्ट अंशाचा. बोलीत सांगायचं तर खिडकीसमोर जेवढी मोकळी जागा, समोरची बिल्डिंग तिच्या दुपटीपेक्षा उंच नको. बस्स. तळमजल्यावरच्या माणसालाही आकाश दिसलं पाहिजे.

आता तुमच्या बिल्डिंगला लावून बघा. तळ धरून सात-आठ मजले म्हणजे एकवीस मीटर तरी उंची. ऑरसाहेबांच्या नियमाने दोन बिल्डिंगांत साडेदहा मीटर पाहिजे. आहे तीन. कोन काढला तर ब्याऐंशीच्या आसपास जातो, म्हणजे तळमजल्यावरून आकाश बघायचं तर जवळजवळ आडवंच पडावं लागेल. शंभर वर्षांपूर्वी, पेनिसिलिनसुद्धा नव्हतं तेव्हा, याच शहरात कुणीतरी कागदावर मांडून ठेवलेली गोष्ट आपण एकविसाव्या शतकात मोडून वर त्याला पुनर्वसन म्हणतो. (ट्रस्टही काही धुतल्या तांदळाचा नव्हता हं. नागपाड्याला वगैरे त्यांनी पाडली जास्त आणि बांधली कमी, उठवलेली माणसं शेजारच्या चाळींत कोंबली गेली आणि गर्दी उलट वाढली. गरिबाच्या तब्येतीचं कारण सांगून गरिबालाच उठवायची पद्धतही तेव्हापासूनचीच.)

असं का बांधतात हे थोडं समजून घ्या, कारण लोक उगाच बिल्डरला चार शिव्या देऊन मोकळे होतात. १९९५ नंतरची एसआरएची, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाची, योजना अशी की पात्र झोपडीधारकाला घर फुकट, आणि तो खर्च बिल्डरने त्याच जमिनीवर विक्रीची बिल्डिंग उभारून किंवा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे जादा बांधकाम करायचा हक्क, विकून काढायचा. पहिल्यांदा घर २२५ फुटांचं होतं, मग २६९ झालं, आता ३०० आहे. वाढलं ते चांगलंच झालं. पण प्रत्येक वेळी भांडण फुटांवरच झालं. दोन बिल्डिंगांमधल्या अंतरावरून मोर्चा निघाल्याचं मी तरी बघितलेलं नाही. फुकटच्या बिल्डिंगा जितक्या कमी जागेत बसतील तितकी विक्रीची जागा मोकळी, त्यामुळे रिहॅब मागे, खेटून, नाल्याकडे, आणि सेल बिल्डिंग पुढे रस्त्याला, तिला बागही मिळते आणि वाराही. यात गंमत म्हणजे मोकळ्या जागेच्या नियमात सूट रिहॅबला मिळते, का तर योजना परवडली पाहिजे. सूट दिली की हिशोब जुळतो. त्याचं उरलेलं बिल आमच्या हेल्थ पोस्टवर येतं, हप्त्याहप्त्याने, सहा महिन्यांच्या गोळ्यांच्या रूपात.

आणि आतली रचना. जुन्या चाळीत खोली दहा बाय बारा, संडास कॉमन, सगळं मान्य, पण बऱ्याच चाळींना पुढे उघडी गॅलरी होती, पुढचं दार आणि मागची खिडकी उघडली की वारा आरपार. तुमच्याकडे मधोमध अंधारा पॅसेज आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं. दार उघडलं तरी समोर दुसऱ्याचं दार, प्रायव्हसी नाही म्हणून सगळे बंद ठेवतात. वारा शिरायला एक वाट लागते आणि निघायला दुसरी. तुमच्या खोलीला एकच आहे.

मग वहिनी म्हणतात तशी पत्र्याची खोली बरी का? इथे मी त्यांच्याशी भांडणार आहे. दारात बसायची सवय, गल्लीतली सोबत, ते सगळं खरं आहे, मला त्याची किंमत कळते. पण मी त्याच गल्ल्यांमध्ये फिरलेय. सार्वजनिक संडासाला लाईन नको म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बायका आणि त्यांचं लघवीचं इन्फेक्शन, पाणी येईल तेव्हा भरून ठेवलेल्या पिंपात डेंग्यूच्या अळ्या, पावसाळ्यात गटाराचं पाणी चुलीपर्यंत आणि मग पोरांना जुलाब, मे महिन्यात पत्र्याखाली बसवत नाही. टीबी तिथेही भरपूर आहे, गल्ल्या काय कमी अरुंद असतात! घरात स्वतःचा संडास आणि नळ असणं ही बाईच्या तब्येतीसाठी फार मोठी गोष्ट आहे, ती सोडून मागे जाऊ नका. २०११ च्या जनगणनेत मुंबईतली दर दहातली साधारण चार माणसं झोपडपट्टीत होती, त्यांना पक्कं घर मिळायलाच पाहिजे. फक्त ते देताना हवा कापून घेऊ नये एवढंच माझं भांडण आहे.

नालासोपारा. मेव्हणा चुकीचं नाही सांगत, खिडक्या दोन मिळतील, कदाचित बाल्कनीही. पण तुमची गाडी कुर्ला-चेंबूर भागात चालते असं लिहिलंय, म्हणजे सकाळी दादरला उतरून लाईन बदलायची, परत रात्री तसंच, रोजचे चार तास गेले. वहिनींना शिलाईचं काम देणारा माणूस गोवंडीत आहे, तो तिकडे पिशवी पाठवणार नाही. एक कमाई गेली तर मोठ्या घरात ताट लहान होईल. मुलीची शाळा मध्येच सुटेल, आणि औषध अर्ध्यावर असताना पत्ता बदलला की केस ट्रान्सफर करावी लागते. कागदावर ते सोपं आहे, प्रत्यक्षात आमचे कित्येक पेशंट याच फटीत हरवतात, कुणी गावी जातं, कुणाला घरमालक अकरा महिन्यांनी काढतो, कुणाची झोपडी तुटते. नुसतं घर हलल्यामुळे औषध सुटलेला पेशंट आणि औषधाला कंटाळून सोडलेला पेशंट रजिस्टरवर सारखाच दिसतो, पण सारखा नसतो.

स्वस्त किंवा फुकट घर चुकीच्या जागी दिलं की काय होतं याचं उदाहरण तुमच्या शेजारीच आहे, माहुल. तानसाच्या पाईपलाईनच्या कडेची घरं तोडून लोकांना तिथे नेलं, बाजूला रिफायनऱ्या. हवेच्या प्रदूषणाचा तिथल्या लोकांच्या तब्येतीला धोका आहे हे हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटलेलं होतं. लोक भांडले, विद्याविहारला फुटपाथवर बसले, कोर्टात गेले, आणि २०१९ मध्ये हायकोर्टाने सरकारला सांगितलं की त्यांना दुसरीकडे घर द्या नाहीतर महिन्याला १५,००० भाडं आणि ४५,००० डिपॉझिट द्या. बाहेरचे लोक तेव्हा म्हणत होते, फुकट मिळतंय तर नखरे कसले. चार भिंती, दार, नळ, सगळं होतं हो. श्वास घ्यायची आणि कामाला जायची सोय नव्हती. गिरणी कामगारांना लांब कर्जत लाईनवर शेलू-वांगणीला घरं देऊ केली तेव्हा त्यांनीही नको म्हटलं, त्यांनाही हेच ऐकवलं गेलं.

आता मुद्द्याची गोष्ट, जी घराच्या प्रश्नात कुणी धरत नाही. भाडं आणि जेवण एकाच खिशातून जातं. भाडं पाच तारखेला द्यावंच लागतं, नाहीतर सामान बाहेर. डाळ पातळ केली तर कुणी बाहेर काढत नाही. म्हणून भाडं वाढलं की पहिला कट ताटात बसतो, आणि ताटातही आधी बाईच्या. झारखंडमध्ये टीबी पेशंटच्या घरांचा एक मोठा अभ्यास झाला, २०२३ मध्ये छापून आला. निम्म्या ठिकाणी पेशंटबरोबर घरातल्या सगळ्यांनाही महिन्याचे तांदूळ, डाळ आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या, बाकी ठिकाणी फक्त पेशंटला. ज्या घरात सगळ्यांना मिळालं तिथे घरच्यांना नव्याने टीबी व्हायचं प्रमाण जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी. डाळ-तांदळाने! त्यामुळे कुणी मला विचारलं की परवडणारं घर म्हणजे किती रुपयांचं, तर मी आकडा सांगत नाही, मी विचारते की भाडं दिल्यावर महिन्याच्या वीस तारखेला घरात डाळ असते का.

म्हणून सातव्या मजल्याचे ते दीड हजार. सात रुपयाला अंडं धरलं तर दीड हजार म्हणजे महिन्याला दोनशेच्या वर अंडी, पाच जणांना रोज एकेक देऊन वर उरतील. हे दीड हजार जर ताटातून जाणार असतील तर वरचा मजला घेऊन फार काही कमावलं असं मी म्हणणार नाही. पण जर ते दुसरीकडून निघत असतील, आणि तुम्ही लिहिलंय की बायकोच्या आजारपणात घेतलेल्या कर्जाचा हप्ता येत्या दोन-तीन महिन्यांत संपतोय, तर मी सातवा मजला घेईन. कॉलनी तीच, शाळा तीच, हेल्थ पोस्टची सिस्टर तीच, शिलाईचा माणूस तोच, फक्त आकाश मिळेल. घाई मात्र करू नका, मुलगी औषधावर आहे, लागण पसरायचा धोका खाली येतोय, दोन महिन्यांनी काही बिघडत नाही.

लिफ्टची भीती खरी आहे. तुमची आई मधुमेहाची आहे म्हणता. मी अशा आजी बघितल्यात ज्या लिफ्ट बंद पडल्यापासून खाली उतरल्याच नाहीत, शुगरची गोळी संपली तर नातू आणेल तेव्हा, आणि मधुमेह आटोक्यात नसला की टीबीचा धोका वाढतो हे वेगळंच. पुनर्वसनाच्या बिल्डिंगचा मेंटेनन्स भरणं लोकांना जमत नाही, सोसायटी नावाला, लिफ्टवाल्याचं बिल थकलेलं, सगळीकडे हीच कथा. तर सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारू नका, सातव्या मजल्यावरच्या एखाद्या बाईला विचारा की गेल्या महिन्यात किती दिवस लिफ्ट चालली. आणि वरचा मजला म्हणजे गच्चीखालचा असेल तर छत बघा, गळती असली तर ओल, बुरशी आणि दम्याचा नवा त्रास गळ्यात येईल, आणि उन्हाळ्यात स्लॅब तापतो तो निराळा. आगीतून फुफाट्यात नको.

तोपर्यंत आहे त्या खोलीत काय करता येईल ते सांगते, आजच करण्यासारखं. खिडकीच्या बॉक्स ग्रिलमध्ये काय भरलंय ते बघा. बहुतेक घरांत तिथे जुनी सायकल, पिंप, गाद्या आणि वर निळी ताडपत्री असते, म्हणजे आहे ती एकमेव वाटसुद्धा बुजवलेली. ते रिकामं करा, ताडपत्री पावसापुरती ठेवा. एक टेबल फॅन किंवा नऊ इंची एक्झॉस्ट खिडकीत असा लावा की हवा बाहेर फेकली जाईल, आत नाही. दार थोडं उघडं, जाळीचं दार असेल तर फारच छान. हवा दाराकडून आत, खिडकीतून बाहेर. उलटं करू नका, नाहीतर तुमच्या घरातली हवा पॅसेजमध्ये आणि शेजाऱ्यांच्या घरात. मुलीची झोपायची जागा खिडकीकडे, लहान पोरगं आणि तुमची आई दाराकडे. शिलाईचं मशीन खिडकीपाशी सरकवा, वहिनी म्हणतील सुताची धूळ उडते, उडू दे, बाहेरच जाईल. मुलीने निदान पहिले काही आठवडे तोंडाला रुमाल किंवा मास्क लावून बसावं, आणि संध्याकाळी तासभर तरी तिला खाली मोकळ्यावर पाठवा. तिला काही कैद करायची नाहीये.

डक्टचा प्रश्न एकट्याने सुटत नाही. तुमच्या विंगमध्ये टीबीची औषधं चालू असलेली किंवा गेल्या दोन-तीन वर्षांत होऊन गेलेली घरं किती, हे आरोग्य सेविकेला साधारण माहीत असतं. ती नावं सांगणार नाही, सांगूही नये, पण मजल्यामागे आकडा किती असं लेखी पत्र सोसायटीने वॉर्डच्या आरोग्य अधिकाऱ्याला दिलं तर उत्तर द्यावं लागतं. एका वसाहतीत आम्ही हेच केलं होतं. डक्ट साफ करा असे आधीचे तीन अर्ज घनकचऱ्याच्या टेबलावर पडून होते. चौथा अर्ज टीबीच्या आकड्यासकट आरोग्य खात्याकडे गेला आणि पंधरा दिवसांत माणसं आली. वरून कचरा टाकणं मग वर जाळ्या लावल्यावरच थांबलं, ते पैसे लोकांनी वर्गणीने काढले, त्यातही दोन घरांनी शेवटपर्यंत दिले नाहीत.

सातव्या मजल्यावरची खोली बघायला एजंट तुम्हाला संध्याकाळी बोलावेल, सगळे लाईट लावून ठेवील. तसं जाऊ नका. दुपारी दोनच्या सुमारास जा, मेन स्विच बंद करायला सांगा आणि खोलीच्या मधोमध बसून पेपर वाचता येतोय का बघा. मग उदबत्ती लावा, धूर कुठल्या बाजूला जातो ते बघा. वर जाऊन छताशीच लोंबकळत राहिला तर एजंटला सांगा दुसरी दाखव. वहिनींना बरोबर न्या, दिवसभर त्या घरात त्या बसणार आहेत, तुम्ही नाही.